रक्तातून आलेले कोलेस्टेरॉल आणि मला मानवलेली गोळी

आमच्या घराण्यातील पुरुष पन्नाशी पाहत नाहीत, असे बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या गल्लीत जुनी माणसे उघडपणे बोलत असत. आजोबा मागावर बसलेले असतानाच गेले, माझे वडील म्हणजे आप्पा सत्तेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात गेले आणि त्यांच्या पाठचे तात्या एकावन्न पूर्ण होण्याआधी गेले. तात्यांच्या नंतर काकूंनी गोकर्णाला जाऊन शांतही करून घेतली. घर माळकरी, कोणाच्या ताटात कधी मांसमच्छर आलेले नाही, दिवसभर मागावर अंगमेहनत, तंबाखूचे व्यसनही नाही. त्यामुळे या मृत्यूंचा दोष खाण्यापिण्याला देण्याची सोय नव्हती आणि म्हणून तो नशिबाला दिला गेला. बायकांना यातले काही होत नाही, असाही एक समज घरात होता, आणि त्या समजामुळे मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत रक्तातील चरबीची तपासणी एकदाही केलेली नव्हती.

मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत शिक्षकांसाठी झालेल्या आरोग्य तपासणीत माझे एकूण कोलेस्टेरॉल ३१८ आले, एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, ४८, ट्रायग्लिसराइड १४० आणि एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते २४२. हे सर्व आकडे एका डेसिलिटर रक्तातील मिलिग्रॅमचे आहेत. नमुन्यात काही घोळ असावा म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेत उपाशीपोटी पुन्हा रक्त दिले, तरी आकडा जवळपास तोच राहिला. वजन बेताचे, साखर व्यवस्थित, रक्तदाब व्यवस्थित. ओळखीपाळखीच्या प्रत्येकाने तूप आणि शेंगदाणे बंद करण्याचा सल्ला दिला, एकादशीची साबुदाण्याची खिचडी सोडायला सांगितले आणि लसणीच्या पाकळ्या चावायला सुचवले. मी तूप आणि तळण खरोखरच बंद केले आणि दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा एलडीएल २३१ होते. आहाराने जेवढे होते तेवढे झाले होते, आणि ते फारच थोडे होते.

ज्या हृदयरोगतज्ज्ञांकडे मी गेले त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी वंशावळ विचारली. कोण, किती वर्षांचे असताना, कशाने गेले, हे त्यांनी एका कोऱ्या कागदावर चौकोन आणि वर्तुळे काढत उतरवून घेतले. त्यानंतर त्यांनी मला चप्पल काढून पाय टेबलावर ठेवायला सांगितले आणि टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी कंडरा, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून खालून वर चाचपली. डाव्या पायाला ती एका ठिकाणी बोराएवढी जाड आणि टणक होती. मला ती जागा ठाऊक होती. चपलेचा पट्टा घासून घट्टा पडला असेल असे मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, हे कोलेस्टेरॉल आहे. रक्तात मावत नाही तेव्हा ते कंडरांमध्ये साचते.’’ तसे म्हणताच मला तात्यांचे हात आठवले. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांवर, सांध्यांच्या वरच्या बाजूला, पिवळसर टणक गाठी होत्या आणि मूठ वळली की त्या कातडीखाली सरकत. विणकराच्या हाताला घट्टे पडायचेच, असे आम्ही सगळे समजत आलो. पण घट्टा कातडीला पडतो, तो कंडरेबरोबर सरकत नाही, हे मी आता जाणते.

या आजाराला घराण्यात उतरणारे अतिकोलेस्टेरॉल म्हणता येईल. वैद्यकात त्याचे नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया असे आहे आणि साधारण दर अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला तो असतो. म्हणजे आमच्या शाळेसारख्या मोठ्या शाळेत एखाद-दुसरे मूल तो घेऊन बाकावर बसलेले असू शकते. निदानासाठी डच तज्ज्ञांनी ठरवलेली गुणांची एक पद्धत वापरतात. कंडरेवरील गाठीला ६ गुण, माझ्याएवढ्या एलडीएलला ३ गुण आणि जवळच्या नातलगाला कमी वयात हृदयविकार झाला असल्यास १ गुण. आठाच्या वर गेले की निदान निश्चित मानतात. माझे दहा झाले. थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या तपासण्या आधीच करून घेतल्या होत्या, कारण थायरॉइड मंद असल्यासही एलडीएल वाढते. त्या सर्व ठीक होत्या.

आजार कसा चालतो हे डॉक्टरांनी थोडक्यात सांगितले आणि पुढचे मी घरी वाचून काढले. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत घेणारे ग्राही असतात. या ग्राहींचा शोध मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी याच आजाराच्या रुग्णांच्या पेशींवर काम करताना लावला आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राही तयार करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांतली एक बिघडलेली असली की कामाचे ग्राही निम्म्यावर येतात. गळीत हंगामात संकेश्वर किंवा उगारच्या बाजूला साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर येते, ती ऊस जास्त आला म्हणूनच असते असे नाही. आतल्या क्रेन बंद पडल्या तरी रांग तेवढीच लांबते. माझ्या रक्तात एलडीएल साचले ते असे. खाणे कमी केल्याने रांगेतल्या चार गाड्या घटतात, क्रेन दुरुस्त होत नाहीत.

आणि स्टॅटिन गटातील औषधे नेमकी या ठिकाणी उपयोगी पडतात. ती यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. पेशीला स्वतःचे कोलेस्टेरॉल कमी पडू लागते आणि मग ती रक्तातून ओढून घेण्यासाठी पृष्ठभागावर जास्त ग्राही उभे करते. अकिरा एन्डो या जपानी शास्त्रज्ञाने हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत या गटातले पहिले रसायन शोधले आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिन हे पहिले स्टॅटिन अमेरिकेत विक्रीला आले. आप्पा गेले तेव्हा ही औषधे जगात होती. आमच्या घरापर्यंत ती पोहोचली नव्हती, कारण आप्पांचे रक्त कोणी कधी तपासलेच नव्हते. ही गोष्ट कळल्यापासून मला ती टोचत राहिली आहे आणि हे सगळे लिहून काढण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

मला अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी सुरू झाली. या मात्रेने सर्वसाधारण माणसाचे एलडीएल निम्म्याच्या आसपास उतरते. माझे सहा आठवड्यांनी १५० झाले, म्हणजे सुरुवातीच्या २४२ वरून ३८ टक्के घट. घट मोठी होती, पण अपेक्षेहून कमी होती आणि डॉक्टरांना ते ७० च्या खाली आणायचे होते. गोळी चुकते का, कोणत्या वेळी घेता, दुसरी कोणती औषधे चालू आहेत, असे सर्व विचारून झाल्यावर त्यांनी मात्रा ८० केली. त्या वेळीच त्यांनी एक गोष्ट सांगून ठेवली होती, ती अशी की स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल फक्त आणखी सहा टक्क्यांच्या आसपास उतरते. तसेच झाले, पुढच्या तपासणीत आकडा १३५ आला.

मात्र याच काळात मांड्या दुखू लागल्या. शाळेत माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत. जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला वर ओढावे लागू लागले, खाली बसले की हात टेकल्याशिवाय उठता येईना, आणि फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना खांदे भरून येत. दुखणे दोन्ही बाजूंना सारखेच होते. मी त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न लघवीचा रंग काळपट झाला आहे का, हा होता. स्नायू फार मोठ्या प्रमाणावर मोडू लागले तर लघवी चहासारखी गडद होते आणि मूत्रपिंडाला धोका पोहोचतो, म्हणून तो प्रश्न आधी. रंग नेहमीचा होता. रक्तातील क्रिएटिन कायनेज, ज्याला आपल्याकडच्या प्रयोगशाळा सीपीके म्हणतात, ते मात्र १,१२० आले. माझ्या रिपोर्टवर त्याची वरची मर्यादा १७० होती. गोळी तातडीने बंद झाली.

येथे एक बाब सांगणे आवश्यक वाटते. स्टॅटिनने अंग दुखते, असे ऐकून किंवा मोबाइलवर आलेले निरोप वाचून गोळी सोडणारे लोक मला आमच्या भागात पुष्कळ भेटतात. या दुखण्याचा कसून अभ्यास झालेला आहे. सॅमसन या नावाच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात ज्यांनी दुखण्यामुळे स्टॅटिन सोडले होते अशा साठ रुग्णांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि काही महिने कोणतीच गोळी नाही, असे आलटून पालटून दिले गेले. खऱ्या गोळीच्या काळात जेवढा त्रास नोंदला गेला त्याच्या नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीच्या काळातही नोंदला गेला. म्हणजे बहुतेकांचे दुखणे खरे असले तरी ते औषधाच्या रसायनाने होत नव्हते. माझ्याही बाबतीत डॉक्टरांनी दुखण्याचे खापर लगेच गोळीवर फोडले नाही. थायरॉइड पुन्हा तपासले, ड जीवनसत्त्व तपासले, मधल्या काळात खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेतले होते का, हेही विचारले, कारण ते औषध अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचे विघटन रोखून त्याचे रक्तातील प्रमाण वाढवते. यांपैकी काहीच नव्हते. गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत सीपीके १३० वर उतरले आणि जिनाही सोपा झाला. आकड्याचा पुरावा असलेला स्नायूंचा त्रास कमी जणांना होतो आणि त्या कमी जणांत मी होते.

या टप्प्यावर जनुकीय तपासणीचा विषय निघाला. निदानासाठी तिची गरज उरलेली नव्हती. गरज दोन वेगळ्या प्रश्नांसाठी होती. माझ्या घराण्यातील बदल नेमका कोणत्या जनुकात आहे, हा पहिला प्रश्न, कारण त्यावरून नातलगांना तपासता येते. आणि माझे शरीर स्टॅटिनला कसे वागवते, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे वेगवेगळ्या जनुकांत असतात. लोक ही सरमिसळ फार करतात आणि सुरुवातीला डॉक्टरांनी दोन्ही कागद वेगळे ठेवून समजावले नसते, तर माझाही गोंधळ झाला असता.

रक्त बेळगावातच घेतले गेले. जांभळ्या टोपणाची छोटी नळी, तिच्यावर माझे नाव, सोबत इंग्रजी आणि कानडीत छापलेले संमतीपत्र. नमुना घेणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली आणि म्हणाला, ‘‘बाई, यातल्या पांढऱ्या पेशींतून डीएनए काढतात, रक्त गोठून चालत नाही.’’ नमुना बेंगळुरूला गेला. खर्च शिक्षकाच्या पगाराला जाणवेल एवढा होता, हे मी लपवत नाही. अहवाल यायला महिनाभर लागला आणि तो समजावून सांगायला समुपदेशक बाई व्हिडिओ कॉलवर आल्या. त्या कानडीत आणि हिंदीत बोलल्या. माझ्या शेजारी बसलेल्या आईला मी जागेवरच मराठीत सांगत गेले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपेक्षेप्रमाणे आले. एलडीएलआर, म्हणजे ग्राही तयार करणाऱ्या जनुकाच्या एका प्रतीत रोगकारक बदल होता. दुसऱ्या कागदावर एसएलसीओ१बी१ हे नाव होते. हे जनुक यकृताच्या पेशीच्या पडद्यातील एक वाहक प्रथिन तयार करते, जे रक्तातून येणारे स्टॅटिन उचलून पेशीच्या आत नेते. या जनुकात ५२१ क्रमांकाच्या जागी टी या अक्षराऐवजी सी आले की वाहक मंदावतो. औषध यकृतात जायचे ते रक्तात जास्त वेळ राहते आणि स्नायूंपर्यंत जास्त पोहोचते. माझ्या दोन प्रतींपैकी एकीत हा बदल आहे. सर्च या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासातून २००८ मध्ये हा संबंध प्रथम स्पष्ट झाला. सिम्व्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत सी ची एक प्रत असणाऱ्यांना स्नायूविकाराचा धोका सुमारे साडेचारपट आणि दोन्ही प्रती असणाऱ्यांना जवळपास सतरापट आढळला. त्यानंतर २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिम्व्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम मात्रेवर मर्यादा आणली. ती नव्या रुग्णाला सुरू करू नये, असे सांगितले.

समुपदेशक बाईंनी आणि नंतर डॉक्टरांनीही एक गोष्ट सावधपणे मांडली, ती मला मोलाची वाटते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या बाबतीत हा संबंध सिम्व्हास्टॅटिनइतका तीव्र नाही. सी ची प्रत असलेली कितीतरी माणसे कोणत्याही त्रासाशिवाय गोळी घेतात आणि ती प्रत नसलेल्यांनाही क्वचित त्रास होतो. जनुक शक्यता वाढवते, निकाल देत नाही. तरीही ज्याची वाहतूक मंद आहे अशा माणसाला अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची मोठी मात्रा देणे टाळावे, एवढे या माहितीवरून ठरवता येते. जनुकीय अहवाल हाती असलेल्या डॉक्टरांसाठी तज्ज्ञांनी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आहेत. माझ्यासारख्या घटलेल्या कार्याच्या माणसाला अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० पर्यंतच द्यावे आणि त्याने भागले नाही तर मात्रा चढवत न बसता दुसऱ्या औषधाची जोड द्यावी, असा त्यांचा रोख आहे.

मग एलडीएल अपेक्षेहून कमी का उतरले, हे कोडे राहिले. मंद वाहकाचा परिणाम स्नायूंवर दिसतो. एलडीएल किती उतरते यावर तो थोडाच होतो. याचे उत्तर बरेचसे एका साध्या रक्ततपासणीने दिले. लायपोप्रोटीन (ए) नावाचा आणखी एक कण असतो. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक असते, आहाराने ते हलत नाही आणि स्टॅटिननेही उतरत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर ते जास्त धरतात. माझे ६८ आहे. या कणातील कोलेस्टेरॉल नेहमीच्या तपासणीत एलडीएलच्याच आकड्यात मोजले जाते, त्यामुळे स्टॅटिनने न हलणारा एक हिस्सा माझ्या आकड्यात कायम बसलेला असतो. ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी पुरते. घरात लहान वयात हृदयविकाराने कोणी गेले असेल, त्यांनी ती जरूर करून घ्यावी असे मी कळकळीने सांगते.

पुढील औषध निवडताना हे सारे कागद डॉक्टरांच्या समोर होते. त्यांनी रोझुव्हास्टॅटिन निवडले. त्याचा स्नायूंवरील परिणाम एसएलसीओ१बी१ शी कमी बांधलेला दिसतो. त्याचे रक्तातील प्रमाण एबीसीजी२ या दुसऱ्या जनुकावरही अवलंबून असते. त्याच्या दोन्ही प्रती माझ्याकडे नेहमीसारख्या निघाल्या. येथे आपल्या लोकांशी थेट संबंध असलेली एक माहिती आहे. भारतीय धरून आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोझुव्हास्टॅटिनचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांच्या तुलनेत दुपटीच्या जवळपास आढळले आहे आणि अमेरिकेतील औषधपत्रकात आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असे छापलेले आहे. माझीही सुरुवात पाचाने झाली, मग दहा. सोबत एझेटिमाइब १० मिलिग्रॅम दिले, जे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाणे अडवते आणि स्नायूंशी ज्याचे फारसे देणेघेणे नसते. एलडीएल ११८ झाले, सीपीके शंभराच्या आसपास राहिले. रोझुव्हास्टॅटिन २० केल्यावर १०७. त्यानंतर बेम्पेडोइक आम्ल ही तिसरी गोळी जोडली. हे औषध यकृतातील एका विकराने चालू होते आणि तो विकर स्नायूंत नसतो, म्हणून स्टॅटिनने त्रास झालेल्यांना ते सहसा मानवते. युरिक आम्ल मात्र वाढू शकते म्हणून त्यावर लक्ष ठेवावे लागते. आता एलडीएल ८८ आहे. २४२ वरून ८८ हे अंतर मोठे आहे, पण ७० अजून गाठलेले नाही. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा विषय निघाला आहे, ज्याचे मूळ पीसीएसके९ या जनुकाच्या अभ्यासात आहे. त्याचा खर्च झेपेल का, हे घरात ठरायचे आहे.

मी दहावीला आनुवंशिकता शिकवते आणि मेंडेलच्या वाटाण्यांची चौकट फळ्यावर कितीतरी वेळा काढली आहे. आता तीच चौकट माझ्या मुलांसाठी काढायची होती, आणि निम्मी शक्यता हे शब्द मुलांच्या नावापुढे लिहिणे फार जड गेले. मुलीचे एलडीएल ९४ आले आणि घराण्यातला बदल तिच्यात नाही. चौदा वर्षांच्या मुलाचे १७८ आले आणि बदल त्याच्यात आहे. एवढ्या लहान मुलाला जन्मभराची गोळी द्यायची, हे आईला अजिबात पटत नव्हते. तिला मी नेदरलँड्समधील एका अभ्यासाबद्दल सांगितले, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या, याच आजाराच्या २१४ मुलांचा तेथे वीस वर्षे मागोवा घेतला गेला. एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्यापैकी एक टक्क्याला हृदयविकाराची घटना घडली होती. त्यांच्या आजारी आईवडिलांमध्ये त्याच वयापर्यंत हे प्रमाण २६ टक्के होते. आई थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग तिनेच विचारले, ‘‘सकाळी द्यायची का रात्री?’’ मुलाला रोझुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम सुरू झाले आहे. तो क्रिकेट खेळतो, त्यात काही फरक पडलेला नाही.

नातलगांना तयार करणे हा या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत अवघड भाग ठरला. आमची माणसे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत: बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, भाऊ गोव्यात नोकरीला, आत्या हुक्केरीकडे. प्रत्येकाचा दवाखाना वेगळा, राज्य वेगळे, आरोग्य योजनेचे कार्डही वेगळे. बहिणीने गडहिंग्लजला रक्त दिले. तिचे एलडीएल १०२ निघाले. भावाने आधी चालढकल केली. मला काही होत नाही, दोन मैल चालतो, असे त्याचे म्हणणे. त्याला मी तात्यांच्या हातांच्या गाठींबद्दल सांगितले, तेव्हा त्याने फोनवरच स्वतःचे घोटे चाचपून पाहिले. त्याचे एलडीएल २१९ होते. ट्रेडमिलवरची तपासणी बिघडलेली आली, अँजिओग्राफी झाली, एका रोहिणीत अडथळा सापडला आणि उपचार वेळेत सुरू झाले. तो सेहेचाळीस वर्षांचा आहे.

सगळ्यांत मोठी काळजी तात्यांच्या मुलीची होती. आमच्याकडे मामाची मुलगी करून घेण्याची चाल जुनी आहे आणि माझी ही चुलत बहीण आत्याच्याच घरी दिलेली आहे. तात्यांकडून तिच्यात आणि आत्याकडून तिच्या यजमानांत एकच बदल उतरला असता, तर त्यांच्या मुलांत दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याची शक्यता चारात एक होती. अशा मुलांचे एलडीएल बहुधा ४०० च्या वर जाते, कातडीवर लहानपणीच पिवळ्या गाठी येतात आणि शाळेत जाण्याच्या वयातही झटका येऊ शकतो. हे आत्यांना सांगायचे कसे, याचा मी आणि काकूंनी पुष्कळ विचार केला. नाते कोणी कोणाला दिले, यावर बोट जाऊ नये एवढीच आमची धडपड होती. शेवटी आम्ही दोघी हुक्केरीला गेलो आणि रक्ताच्या साध्या तपासणीपासून सुरुवात करा, असे सांगितले. या चुलत बहिणीचे एलडीएल २३६ निघाले. तिच्या यजमानांचे ११०, आणि त्यांच्यात आमच्या घराण्यातला बदल नाही, हे जनुकीय तपासणीनेही स्पष्ट झाले. म्हणजे मुलांना तो तीव्र प्रकार नाही. फार तर माझ्या मुलासारखा असेल, ज्यावर गोळी आहे.

त्या दोन्ही मुलांचे रक्त पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला जायचे आहे. माझ्या अहवालाची एक प्रत मी या चुलत बहिणीकडे देऊन ठेवली आहे. घराण्यातला बदल नेमका कोणता, हे प्रयोगशाळेला आधीच कळले की पूर्ण जनुक वाचावे लागत नाही, तेवढी एकच जागा तपासली जाते आणि खर्चही बराच कमी येतो. प्रतीच्या मागच्या बाजूला मी एसएलसीओ१बी१ चा निकालही लिहिला आहे, कारण बहिणीला गोळी सुरू करताना तिच्या डॉक्टरांनी तो विचारात घ्यावा अशी माझी इच्छा आहे.